जिममधून मिळालेली 'शंभर टक्के नैसर्गिक' शक्तिवर्धके : सुरू ठेवावीत की थांबवावीत?

प्रश्न : ऐरोलीची आई

नमस्कार. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षापासून तो आमच्या सेक्टरजवळच्या एका जिममध्ये नियमित जातो आणि पुढच्या हंगामात एखाद्या स्थानिक 'श्री' (शरीरसौष्ठव) स्पर्धेत उतरावे अशी त्याची इच्छा आहे. त्याच्या व्यायामाला आमचा विरोध नाही. उलट, मोबाइल बाजूला ठेवून तो रोज घाम गाळतो याचे आम्हा दोघांनाही समाधान आहे. काळजी आहे ती अलीकडे त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर जमू लागलेल्या डब्यांची.

जिममधल्या ट्रेनरने त्याला एक संचच दिला आहे. त्यात अश्वगंधा अर्काच्या कॅप्सूल, शिलाजित, गोखरू व सफेद मुसळी यांचे 'टेस्टोस्टेरॉन वाढवणारे' चूर्ण, ग्रीन टी आणि गार्सिनियाच्या 'फॅट कटर' गोळ्या आणि साध्या बरणीत सुटी भरून दिलेली प्रोटीन पावडर आहे. त्या बरणीवर कंपनीचे नाव नाही, मुदतीची तारीख नाही आणि बिलही मिळालेले नाही. ट्रेनरचे म्हणणे असे की हे सारे झाडपाल्याचे आहे, स्टिरॉइड नाही, त्यामुळे अपाय होण्याचा प्रश्नच येत नाही. मुलाचे म्हणणे असे की त्याच्या जन्मानंतर आजी मला अश्वगंधा आणि शतावरी देत होती, तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती, मग आताच का घ्यावी. या युक्तिवादाला मला नीट उत्तर देता आले नाही.

त्याचे वजन ६२ किलो आहे. आमचे घर शाकाहारी आहे. दूध, दही, पनीर चालते, अंडी चालत नाहीत. त्याला थायरॉइड कमी असल्याचे निदान झाले असून तो रोज सकाळी त्याची गोळी घेतो. या वस्तूंपैकी कशाचा खरोखर उपयोग होतो, कशाने अपाय होऊ शकतो आणि थायरॉइडच्या गोळीबरोबर यांतले काय चालणार नाही, हे जाणकारांनी सांगावे. नुसते 'बंद करा' म्हटले तर तो ऐकणार नाही; कारण सांगितले तर ऐकेल, असा तो मुलगा आहे.

प्रतिसाद १ : औषधशास्त्राचा शिक्षक, ठाणे पश्चिम

ताई, आपल्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ थायरॉइडच्या गोळीची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. अश्वगंधेच्या मुळांचा अर्क थायरॉइड ग्रंथीच्या कामावर परिणाम करतो. थायरॉइडचे काम किंचित मंदावलेल्या ५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रोज ६०० मिलिग्रॅम अर्क आठ आठवडे दिल्यानंतर टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची संप्रेरके वाढली आणि टीएसएच (थायरॉइडचे काम मंदावले की वाढणारे संप्रेरक) खाली आले. वाचायला ही चांगली बातमी वाटते. पण ज्याला थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या गोळीतल्या संप्रेरकाची) मोजून ठरवलेली मात्रा रोज दिली जात आहे, त्याच्या बाबतीत तिचा अर्थ निराळा होतो, कारण डॉक्टरांनी एका हिशेबाने गोळी ठरवलेली असते आणि त्यांना माहीत नसलेली दुसरी वस्तू त्या हिशेबात भर घालत असते. थायरॉइड प्रमाणाबाहेर गेले की छातीत धडधडते, हात थरथरतात, झोप उडते आणि, आपल्या मुलाला हे अवश्य सांगा, स्नायू झिजू लागतात. म्हणून अश्वगंधा आजच थांबवावी आणि ती किती काळ, किती प्रमाणात सुरू होती हे थायरॉइडच्या डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे.

अश्वगंधेत काही गुणच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत ५७ पुरुषांपैकी काहींना ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा आणि उरलेल्यांना औषध नसलेली तशीच कॅप्सूल आठ आठवडे देण्यात आली, आणि दोन्ही गटांकडून वजने उचलण्याचा व्यायाम करून घेण्यात आला. बेंच प्रेसमध्ये (बाकावर उताणे झोपून वजन छातीवरून वर ढकलण्याच्या व्यायामात) उचलता येणारे कमाल वजन अर्क घेणाऱ्या गटात सरासरी ४६ किलोंनी, तर दुसऱ्या गटात सुमारे २६ किलोंनी वाढले. जाहिरातींत यातला पहिला आकडा असतो, दुसरा नसतो. औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांचीही ताकद २६ किलोंनी वाढली, ती केवळ व्यायामामुळे. शिवाय या चाचणीतले पुरुष वजने उचलण्याच्या व्यायामात जवळजवळ नवखे होते आणि त्यांची संख्या थोडी होती, त्यामुळे वर्षभर घाम गाळलेल्या आपल्या मुलाला तेवढाच लाभ होईल असे त्यावरून म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला, अश्वगंधा घेणाऱ्यांपैकी काही जणांना काही आठवड्यांनंतर कावीळ व अंगाला तीव्र खाज अशी यकृताच्या दुखापतीची लक्षणे दिसल्याच्या नोंदी भारतासह अनेक देशांतून झाल्या आहेत. औषध थांबवल्यावर बहुतेक जण बरे झाले, परंतु सगळेच नव्हे. डेन्मार्कने तर २०२३ साली अन्नपूरक म्हणून अश्वगंधेच्या विक्रीवर बंदी घातली. माझ्या मते सरसकट बंदी हा टोकाचा निर्णय आहे. पण एका देशाच्या अन्नप्रशासनाला तसे वाटावे इतपत तरी हा विषय गंभीर आहे.

गोखरूबद्दल थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगच्या २२ अव्वल खेळाडूंवर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ४५० मिलिग्रॅम गोखरू अर्क पाच आठवडे देऊनही ताकद, स्नायूंचे वजन आणि टेस्टोस्टेरॉन यांत औषध न घेतलेल्यांच्या तुलनेत काहीही फरक पडला नाही. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव आपल्या शेजारच्या बोरिवलीवरून पडले आहे आणि पावसाळ्यात येऊरच्या आदिवासी भगिनी ठाण्याच्या बाजारात जी फोडशीची भाजी आणतात ती याच कुळातली. परंतु मुसळीमुळे माणसांचे स्नायू वाढतात असे दाखवणारा भरवशाचा पुरावा फारच तुटपुंजा आहे. शिलाजितावर जी चाचणी वारंवार सांगितली जाते, ती ४५ ते ५५ वयाच्या पुरुषांवर झाली होती. त्या वयात टेस्टोस्टेरॉन उतरणीला लागलेले असते. एकोणीसाव्या वर्षी ते आयुष्यातल्या सर्वोच्च पातळीच्या आसपास असते, त्यामुळे तो निष्कर्ष आपल्या मुलाला लागू करणे चुकीचे आहे. शोधन (शुद्धीकरण) न केलेल्या शिलाजितात शिसे आणि आर्सेनिक यांसारखे जड धातू असू शकतात, हा धोका मात्र कोणत्याही वयाला लागू आहे.

आता 'फॅट कटर'. या संचातली सर्वांत धोकादायक वस्तू माझ्या मते हीच आहे. चहाच्या पानांतला ईजीसीजी हा घटक पेयातून घेतला तर सहसा अपाय होत नाही. पण तोच अर्काच्या रूपात रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतला तर यकृताच्या चाचण्या बिघडू शकतात, असा निष्कर्ष युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली काढला. गार्सिनिया हे आपल्या कोकमाच्या जातकुळीतले फळ आहे. आमसुलाच्या साराने कोणाचे यकृत बिघडल्याचे ऐकिवात नाही, परंतु त्या फळातले आम्ल घट्ट करून भरलेल्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. या दोन्ही वस्तू एकाच गोळीत एकत्र करून, वर अश्वगंधाही चालू ठेवायची, म्हणजे यकृतावर एकाच वेळी तीन बाजूंनी भार टाकायचा. मूळ मुद्दा येथेच आहे. वनस्पतीतला घटक शरीरात गेल्यावर रसायन म्हणूनच काम करतो आणि त्याचा परिणाम त्याच्या मात्रेवर ठरतो, तो कोठून आला यावर ठरत नाही. एफेड्रा ही पूर्णपणे नैसर्गिक वनस्पती आहे. व्यायाम करणाऱ्यांमध्ये चरबी घटवण्यासाठी ती अतिशय लोकप्रिय होती. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यू यांच्या नोंदी झाल्यानंतर २००४ साली अमेरिकेने तिच्या पूरकांवर बंदी घातली.

शेवटी ती सुटी पावडर. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पूरकांची तपासणी करून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्यांपैकी २५ डब्यांवरची प्रथिनांची माहिती प्रत्यक्षाशी जुळत नव्हती आणि सुमारे चौदा टक्क्यांमध्ये अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष सापडले. हे सारे कंपनीचे नाव असलेले, परवाना असलेले डबे होते. जिच्यावर नावच नाही त्या बरणीविषयी मग काय बोलावे? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात ७७६ पूरकांमध्ये लेबलवर न लिहिलेली औषधे शोधून काढली. त्यांतली सुमारे बारा टक्के स्नायू वाढवणारी उत्पादने होती आणि त्यांच्यात प्रामुख्याने स्टिरॉइड किंवा स्टिरॉइडसारखे घटक मिसळलेले होते. त्यामुळे 'हे स्टिरॉइड नाही' हे ट्रेनरचे विधान प्रामाणिक असले तरी ते खरे आहे की नाही, हे त्यालाही ठाऊक असण्याची शक्यता नाही. ती बरणी वापरू देऊ नये.

प्रतिसाद २ : वर्तकनगरचा जुना स्पर्धक

सरांनी औषधांची बाजू इतकी नीट सांगितली आहे की तिच्यात मी भर घालणार नाही. मी अनेक वर्षे व्यासपीठावर उतरलो आहे आणि आता मुलांना शिकवतो, म्हणून जिमच्या आतली बाजू सांगतो.

काकू, ट्रेनरला पगार कमी असतो आणि डब्यांवर मिळणारे कमिशन पगाराहून मोठे असते, ही आमच्या धंद्यातली जुनी व्यथा आहे. सगळेच तसे नसतात. परंतु जो ट्रेनर व्यायामाची वही लिहून देण्याआधी डबा देतो आणि बिल देत नाही, त्याच्याकडून फक्त व्यायाम शिकावा, खरेदी करू नये. एखाद्या 'हर्बल' पावडरीने दोनच महिन्यांत अंग विलक्षण भरले, पाठीवर आणि खांद्यावर पुटकुळ्या उठल्या, छातीच्या बोंडांखाली दुखरी गाठ लागू लागली किंवा मुलगा उगाच चिडू लागला, तर त्या पावडरीत मुळ्यांखेरीज काहीतरी आहे असे खुशाल समजावे आणि तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना या गोष्टी आईवडिलांना सांगायला लाज वाटते, म्हणून वडिलांनी त्याच्याशी एकदा एकांतात मोकळेपणाने बोलावे, अशी माझी विनंती आहे.

आता उपयोगाचे बोलतो. शाकाहारी मुलाला खरोखर लाभ देणारे पूरक एकच आहे आणि ते या संचात नाही : क्रिएटिन मोनोहायड्रेट. मांस-मासे खाणाऱ्यांना क्रिएटिन जेवणातून थोडेफार मिळते, शाकाहाऱ्यांच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरकही अधिक जाणवतो. रोज तीन ते पाच ग्रॅम पुरते. 'लोडिंग' (सुरुवातीचे काही दिवस मोठी मात्रा घेणे) करण्याची गरज नाही. सुरुवातीला स्नायूंमध्ये पाणी धरले गेल्याने वजन एक-दोन किलोंनी वाढते, त्याला मुले स्नायू समजतात, ते तसे नाही. हे क्रिएटिन कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने तयार होते, त्याच्या डब्यावर पानाफुलांचे चित्र नसते, आणि तरीही क्रीडापोषणात सर्वांत अधिक अभ्यासल्या गेलेल्या पूरकांपैकी ते एक आहे. मात्र थायरॉइडचा प्रश्न मार्गी लागेपर्यंत आणि मूत्रपिंडाची चाचणी एकदा झाल्याशिवाय तेही सुरू करू नये.

स्पर्धेविषयी एक कळकळीचे सांगणे आहे. आमच्याकडे व्यासपीठाआधी पाणी तोडण्याची पद्धत आहे आणि त्यासाठी पुनर्नवा, गोखरू यांसारखी लघवी वाढवणारी 'नैसर्गिक' चूर्णेही दिली जातात. पाणी बंद करून लघवी वाढवली की शरीरातले सोडियम आणि पोटॅशियम यांचे प्रमाण ढळते आणि हृदयाचे ठोके चुकू लागतात. मुले व्यासपीठामागे पेटके येऊन कोसळताना मी पाहिली आहेत. पहिल्या स्पर्धेसाठी तरी आपल्या मुलाने पाणी तोडू नये. पहिल्या वर्षी क्रमांक मिळत नाही. पोझिंग शिकायला मिळते, परीक्षक काय पाहतात ते कळते, आणि तेवढे पुष्कळ आहे.

प्रतिसाद ३ : वैद्या, नेरुळ

ताई, आपल्या मुलाने आजीचा दाखला दिला आहे, त्याला उत्तर द्यावे असे मला वाटले. मी आयुर्वेदाची पदवीधर असून नेरुळमध्ये चिकित्सालय चालवते. अश्वगंधा मी आजही रुग्णांना देते, आणि म्हणूनच ही वस्तू जिमच्या काउंटरवरून वाटली जाताना पाहून मला मनापासून वाईट वाटते.

आजींनी आपल्याला दिली ती अश्वगंधा बहुधा मुळाच्या चूर्णाच्या रूपात, दुधात शिजवून, तुपासोबत, बाळंतपणानंतरच्या मर्यादित काळासाठी दिलेली असणार. आणि आपली भूक, पोट, झोप यांवर त्या स्वतः रोज लक्ष ठेवून होत्या. मुलगा घेतो तो अर्क आहे. कित्येक ग्रॅम मुळांतले निवडक घटक एका कॅप्सूलमध्ये घट्ट केलेले असतात, पचन कसे आहे याचा विचार झालेला नसतो आणि कधी थांबवायचे हे कोणीच सांगितलेले नसते. नाव एक असले तरी त्या दोन गोष्टी सारख्या नाहीत. त्यात आणखी एक अडचण म्हणजे, अर्काची मागणी वाढल्यावर काही उत्पादक मुळांऐवजी स्वस्त पडणारी पाने वापरू लागले, आणि २०२१ साली आयुष मंत्रालयाला पानांचा वापर टाळण्याविषयी सूचना काढावी लागली. डब्यावर 'मूळ' असा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या डब्याचा विचारही करू नये.

शिलाजिताचे शोधन त्रिफळेच्या काढ्यासारख्या द्रव्यांनी करावे लागते, ते प्रत्येक जण करतोच असे नाही. तसेच शिलाजित घेणाऱ्याने कुळीथ टाळावेत असे चरकसंहितेत सांगितले आहे. आपल्या कोकणी घरांत कुळथाची पिठी ही नित्याची गोष्ट आहे. जिममध्ये हा पथ्यविचार कोणी सांगितला असेल असे वाटत नाही. औषध म्हणून जे द्यायचे ते पथ्यासह द्यायचे असते.

वनस्पतींच्या ओळखीचा प्रश्नही वरवरचा नाही. करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद २०२१ साली प्रसिद्ध केली, तेव्हा ती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, यावर बराच वाद झाला. त्या वादात कोणाचे खरे हे क्षणभर बाजूला ठेवले तरी, जी वनस्पती आपण गिळत आहोत ती नेमकी कोणती हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो, एवढे त्यातून निश्चित दिसते. मी स्वतः थायरॉइडची गोळी चालू असलेल्या रुग्णाला त्याच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अश्वगंधा देत नाही.

प्रतिसाद ४ : आहारतज्ज्ञ, कोपरखैरणे

डब्यांविषयी वर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून मी ताटाविषयी लिहिते. सामान्य प्रौढ व्यक्तीसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. वजने उचलणाऱ्या तरुणाला अधिक लागतात. २०१८ साली ४९ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला, त्यात दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिने वाढवून स्नायूंमध्ये सरासरी अधिक भर पडत नाही असे आढळले. आपल्या मुलाचे वजन ६२ किलो, म्हणजे रोजची गरज सुमारे शंभर ग्रॅम झाली.

शाकाहारी घरात हे अशक्य आहे असा समज आहे, तो हिशेब मांडला की दूर होतो. अर्धा लिटर दुधातून सोळा ग्रॅम, वाटीभर दह्यातून सहा, सहा पोळ्यांतून अठरा, दोन वेळच्या आमटी-उसळीतून चौदा, मूठभर शेंगदाण्यांतून सात, पन्नास ग्रॅम फुटाण्यांतून दहा आणि पन्नास ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून सव्वीस ग्रॅम प्रथिने मिळतात. एकूण बेरीज सत्त्याण्णव होते, आणि यात पनीर धरलेलेच नाही. फुटाणे, सोया चंक्स आणि कडधान्ये वाशीच्या एपीएमसीतील दाणाबंदरातून महिन्याची एकदम आणली तर खर्च कोणत्याही चांगल्या प्रोटीन डब्यापेक्षा कमी येतो. पोळ्यांऐवजी काही दिवस ज्वारी-बाजरीच्या भाकऱ्या चालतील. एकाच वेळी सगळे न खाता प्रत्येक जेवणात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतील असे विभागावे. आपल्याकडच्या मुलांचा सकाळचा नाश्ता म्हणजे पोहे किंवा उपमा असतो, तिथेच सारा हिशेब चुकतो. त्यात मोड आलेली मटकी किंवा सोबत दूध आणि फुटाणे हवेत.

शेजारच्या दिवाळे गावातले आणि ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले मुलगे सुकट-बोंबिलावर अंग कमावतात, कारण सुक्या बोंबलाच्या शंभर ग्रॅममध्ये साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. आपल्याकडे ते चालणार नाही, पण हे वाचणाऱ्या मांसाहारी मंडळींसाठी सांगते : त्यातले मीठ लक्षात घ्यावे, भिजवून, धुऊनच वापरावे.

थायरॉइडच्या दृष्टीने एक बारीक पण महत्त्वाची सूचना आहे. सोया, दूध, कॅल्शियम आणि लोह यांमुळे थायरॉक्सिनची गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही. म्हणून गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नये, सोया चंक्स दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात ठेवावेत आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तासांच्या अंतराने घ्यावी. बरीच मुले गोळीच्या पाठोपाठ व्हेचा (दुधापासून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरीचा) शेक पितात आणि मग टीएसएच का वाढले याचा शोध घेत बसतात.

स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पावडर टाळावी असे परिषदेच्या हैदराबाद येथील पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. तो सल्ला सर्व जनतेसाठी आहे आणि योग्य आहे. तरीही परीक्षेच्या दिवसांत किंवा प्रवासात जेवण चुकत असेल, तर सीलबंद, चौदा अंकी परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असलेली साधी व्हे पावडर, कोणतीही वनस्पती न मिसळलेली, दिवसातून एक स्कूप घेण्यात मला वावगे वाटत नाही. 'हर्बल व्हे' हा प्रकार मात्र मी कोणालाच सुचवणार नाही, कारण त्यात काय किती आहे हे समजत नाही.

ऐरोलीची आई

सर्वांचे मनापासून आभार. हे सारे प्रतिसाद मी मुलाला वाचायला दिले. बेंच प्रेसचे दोन आकडे त्याने दोनदा वाचले आणि कॅप्सूल, चूर्ण, 'फॅट कटर' हे सारे बाजूला ठेवले. थायरॉइडच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आम्ही दरम्यान एका प्रयोगशाळेत रक्त तपासून घेतले, त्यात एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतले दोन आकडे) मर्यादेपेक्षा थोडे वर आले आहेत, मूत्रपिंडाच्या तपासणीतले क्रिएटिनिनही वरच्या मर्यादेला टेकले आहे. काविळीत वाढणारे बिलिरुबिन मात्र ठीक आहे. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी त्याने पायांचा जोरदार व्यायाम केला होता. हा यकृताला झालेला अपाय समजावा का?

औषधशास्त्राचा शिक्षक, ठाणे पश्चिम

ताई, या अहवालावरून तसे ठामपणे म्हणता येत नाही, आणि दुर्लक्षही करता येत नाही. एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरे यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. जड वजनांचा व्यायाम केल्यानंतर स्नायूंना जी सूक्ष्म इजा होते तिच्यामुळे ती रक्तात येतात आणि व्यायामाची सवय नसलेल्या निरोगी पुरुषांतही सात-सात दिवस वाढलेली राहू शकतात, हे प्रयोगाने दाखवले गेले आहे. म्हणून निदान एक आठवडा वजने न उचलता पुन्हा तपासणी करावी आणि त्या वेळी जीजीटी व सीपीके या दोन चाचण्याही डॉक्टरांना विचारून करून घ्याव्यात. सीपीके वाढलेले आणि जीजीटी योग्य असेल तर रोख स्नायूंकडे जातो; जीजीटी वाढलेले असेल तर यकृताकडे पाहावे लागते. क्रिएटिनिनचेही तसेच आहे : स्नायू अधिक असणाऱ्यांत ते मुळातच थोडे वर असते, थायरॉइड कमी असले तरी ते वाढते, आणि पुढे क्रिएटिन सुरू केल्यास मूत्रपिंड पूर्ण निरोगी असूनही ते वाढलेले दिसू शकते. शंका राहिलीच तर सिस्टॅटिन-सी या मूत्रपिंडाच्या दुसऱ्या चाचणीने उलगडा होण्यास मदत होते, मात्र तीवरही थायरॉइडचा परिणाम होतो, म्हणून ती थायरॉइड स्थिर झाल्यावरच करावी.

केसांसाठी किंवा 'मल्टिव्हिटॅमिन' म्हणून तो बायोटिन (ब गटातले एक जीवनसत्त्व) असलेली गोळी घेत असेल तर थायरॉइडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस ती बंद ठेवावी, कारण बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएचचा आकडा चुकीचा येतो. दरम्यान डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, अंगाला खाज सुटली, मळमळ किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर आठवडा संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

बाजूला ठेवलेले डबे टाकून देऊ नका. डॉक्टरांकडे जाताना ते सारे, नाव नसलेल्या बरणीसह, पिशवीत घालून न्यावेत, कारण घटक आणि मात्रा तोंडी सांगताना नेहमी काहीतरी राहते. सुट्या पावडरीबाबत ठाण्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. त्यासाठी बरणी आणि पैसे दिल्याचा मोबाइलवरचा पुरावा जपून ठेवावा. त्याच जिममध्ये आणखी मुले तीच पावडर घेत असतील, म्हणून ही तक्रार अवश्य करावी.

ऐरोलीची आई

आठवडाभर वजने बंद ठेवायला तो तयार झाला आहे; चालणे आणि पोझिंगचा सराव तेवढा करेल. सोया चंक्स आता रात्रीच्या जेवणात ठेवले आहेत. पावडरीचे पैसे फोनवरून दिले होते, त्याची नोंद सापडली. तक्रारीचा अर्ज त्याचे बाबा लिहीत आहेत.

वर्तकनगरचा जुना स्पर्धक

काकू, पोझिंगसाठी त्याला आरसा न वापरता सराव करायला सांगा. व्यासपीठावर आरसा नसतो आणि पहिल्या स्पर्धेत मुले तिथेच गोंधळतात. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर एखाद्या रविवारी सकाळी त्याला आमच्या व्यायामशाळेत पाठवा, व्यायामाची वही मी लिहून देईन.